चौथ्या गुरुवारची एकादशी

मराठी माणूस आभार मानतो ते व्यासपीठावर, आणि तेही समारंभाच्या अगदी शेवटी, निम्मे श्रोते उठून चपला शोधू लागलेले असतात तेव्हा. ज्याला भाषण करता येत नाही, पण ज्याचे नाव निमंत्रणपत्रिकेत घालणे भाग आहे, अशा गृहस्थाकडे आभारप्रदर्शन सोपवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. मंडपवाल्यापासून ध्वनिक्षेपकवाल्यापर्यंत सर्वांचे आभार मानून झाले की तो गृहस्थ घरी जातो, बायकोने वाढलेले जेवतो आणि आमटीत मीठ कमी आहे एवढेच बोलतो. घरात ‘आभार’ हा शब्द ऐकू आला तर काहीतरी बिनसले आहे असे खुशाल समजावे. नवऱ्याने चहाचा कप हातात घेऊन ‘आभारी आहे’ म्हटले, तर कोणतीही शहाणी बायको आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहील.

शब्दच तसे आहेत आपले. ‘आभार’ म्हटले की त्यात ‘भार’ दिसतो. उपकाराचे ओझे होते, ऋण डोक्यावर चढते, मग त्यातून उतराई व्हावे लागते. ही सगळी भाषा सावकाराच्या वहीतली. घरच्या माणसांत वही कोण उघडणार?

हे सगळे मनात यायचे कारण म्हणजे २०२३ साली आमच्याकडे राहिलेली पाहुणी. मराठी शिकण्यासाठी ही अमेरिकन मुलगी पुण्यात आली होती आणि आठ महिने आमच्या घरी होती. तिचे मराठी व्याकरणशुद्ध, पण पाठ्यपुस्तकातून उचललेले. रिक्षावाल्याने सुटे पैसे परत दिले की ती म्हणे, “मी आपली अत्यंत आभारी आहे.” रिक्षावाला दचकून मागे वळून पाही. भाजीवालीने तर एकदा, “का गं बाई, काय झालं?” असे विचारले. माझ्या सासूबाई या पानाच्या नेहमीच्या वाचकांना परिचित आहेत. त्यांनी पहिल्या पंधरवड्यातच तक्रार केली, “ही पोरगी दिवसातून चाळीस वेळा आभार मानते. पाण्याचा पेला दिला तरी आभार. घर आहे का सत्कार समारंभ?”

त्या वर्षीची दिवाळी आटोपली, फराळाचे डबे तळाला गेले, आणि ही मुलगी जरा गप्प गप्प दिसू लागली. आमच्या धाकटीने खोदून विचारले तेव्हा कळले की नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी त्यांच्याकडे ‘थँक्सगिव्हिंग’ असते. आपल्या दिवाळसणासारखे त्या दिवशी देशभरातून माणसे घराकडे धावतात. एकच मोठे जेवण होते, आणि जेवायला सुरुवात करण्यापूर्वी कित्येक घरांत प्रत्येक जण आपण कशाबद्दल, कोणाबद्दल कृतज्ञ आहोत ते बोलून दाखवतो. ती घरापासून दूर असण्याचा तिचा हा पहिलाच चौथा गुरुवार.

“मग आपण करू की इथे!” धाकटी म्हणाली. या वयात कोणतीही गोष्ट अवघड नसते, कारण ती आई करणार असते.

सासूबाईंनी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे मान वळवली. “कितवी तारीख म्हणालीस?”

“तेवीस.”

“त्या दिवशी कार्तिकी एकादशी आहे.”

झाले! म्हणजे अमेरिकेत ज्या दिवशी लोक वर्षातले सर्वांत भरगच्च जेवण जेवतात, नेमक्या त्याच दिवशी पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटात लाखो माणसे उपाशी. आणि आमच्या घरात सासूबाईंची एकादशी म्हणजे गंमत नव्हे. अंडे आमच्याकडे येते ते दिवाणखान्यापर्यंत, ओट्यापर्यंत नाही. तिथे अख्खी टर्की भाजायची गोष्ट काढायची कोणी?

शेजारच्या वहिनींना हा बेत कळला तेव्हा त्या म्हणाल्या, “आपल्याकडे काय सणांचा दुष्काळ पडलाय?” प्रश्न रास्त आहे. पण मला उलट वाटते. त्या गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी अमेरिकेतली दुकाने जो ‘ब्लॅक फ्रायडे’ नावाचा सेल लावतात, तो आपल्याकडे केव्हाच येऊन पोचला आहे. मोबाईलवर त्याच्या जाहिराती आठ आठ दिवस आधी वाजू लागतात. शुक्रवारची खरेदी आपण घेतली आणि गुरुवारचे आभार तेवढे बंदरावर सोडून दिले. दत्तक घ्यायचे तर निदान मूल तरी घ्यावे, नुसता पाळणा काय कामाचा?

शिवाय हा सण आमच्या पाहुणीच्या घरीदेखील दत्तकच. तिचे पणजोबा पोलंडातून गेलेले. ज्या लोकांच्या नावाने हा सण सांगतात त्यांच्या जहाजात तिचे कोणी नव्हते, आणि ज्या किनाऱ्याला ते जहाज लागले तिथेही कोणी नव्हते.

ते जहाज म्हणजे ‘मेफ्लॉवर’. १६२० साली १०२ उतारू घेऊन ते इंग्लंडहून निघाले आणि आजच्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या किनाऱ्याला लागले. प्लिमथ येथे त्यांनी वस्ती केली, आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांतली जवळजवळ निम्मी माणसे दगावली. जिथे त्यांनी घरे बांधली ते पॅटक्सेट नावाचे वांपानोआग लोकांचे गाव होते. काही वर्षांपूर्वी युरोपियन जहाजांबरोबर आलेल्या साथीने ते ओस पडले होते. त्या गावचा टिस्क्वांटम नावाचा पुरुष तेवढा वाचला, कारण १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये विकायला नेले होते. तो कसाबसा इंग्लंडमार्गे परतला तेव्हा गाव उरले नव्हते. नव्याने आलेल्यांना मका कसा पेरावा हे शिकवले ते याच माणसाने. १६२१ च्या शरदात पीक हाती आले आणि मेजवानी झाली. वांपानोआगांचा प्रमुख मॅसासॉइट नव्वद पुरुष घेऊन आला, त्यांनी पाच हरणे मारून आणली आणि तीन दिवस जेवणावळ चालली.

हे सगळे आपल्याला कळते ते एडवर्ड विन्स्लो नावाच्या एका वसाहतकऱ्याच्या पत्रावरून. त्या पत्रात ती हकीकत पाच-सहा वाक्यांत संपते. त्यात टर्कीचे नाव नाही. बटाटा तर तिथे पोचलाच नव्हता. गव्हर्नरने चार माणसांना पाखरे मारायला पाठवले आणि त्यांनी एका दिवसात आठवडाभर पुरतील एवढी आणली, हे मात्र विन्स्लोने आवर्जून लिहिले आहे. मी ते पत्र वाचले तेव्हा माझ्यातल्या बाईला पहिला प्रश्न पडला तो हा, की एवढे सगळे रांधले कोणी? मेफ्लॉवरमधून अठरा प्रौढ स्त्रिया आल्या होत्या. त्या हंगामापर्यंत त्यांतल्या चार जिवंत होत्या. चार बायका, हाताखाली काही मुली आणि नोकर, आणि जेवायला गोरे पन्नास व पाहुणे नव्वद. तेही तीन दिवस! चार शिकारी पत्रात आहेत, चार स्वयंपाकिणी नाहीत. आभाराच्या सणाचा मूळ कागद हा असा आहे.

पुढे दोनशे-अडीचशे वर्षे हा काही साऱ्या देशाचा ठरलेला सण नव्हता. कुठल्या राज्यात होई, कुठल्या राज्यात नाही. तो देशाचा व्हावा म्हणून वर्षानुवर्षे लेखणी झिजवली ती सेरा जोसेफा हेल या बाईने. त्या एका महिला-मासिकाच्या संपादिका होत्या. आपली नातवंडे इंग्रजी शाळेत ‘मेरीच्या कोकरा’चे जे गाणे म्हणतात, त्याच्या कर्त्याही याच. अग्रलेख लिहून, राज्यपालांना आणि एकामागून एक राष्ट्राध्यक्षांना पत्रे पाठवून त्यांनी हा विषय लावून धरला. अखेर यादवी युद्ध पेटलेले असताना, १८६३ साली अब्राहम लिंकनने नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. चौथा गुरुवार कायद्याने पक्का झाला तो १९४१ मध्ये. मासिकातल्या लिखाणाने काही होत नाही असे म्हणणाऱ्यांनी या बाईंचे नाव लक्षात ठेवावे.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर गोड झाली असती. पण आमची पाहुणी प्रामाणिक होती. तिनेच एका संध्याकाळी, भोपळा कुठला आणायचा याची चर्चा चालली असताना, पुढचे सांगितले. ज्या मॅसासॉइटने मैत्रीचा तह केला, त्याच्याच मुलाशी, मेटाकॉमशी, वसाहतकऱ्यांचे १६७५ साली युद्ध पेटले. १६७६ मध्ये तो मारला गेला आणि त्याचे शिर प्लिमथमध्ये खांबावर लावले गेले. ते वर्षानुवर्षे तिथे होते. १९७० साली, जहाज आल्याला साडेतीनशे वर्षे झाली म्हणून, वाम्सुट्टा फ्रँक जेम्स या वांपानोआग पुढाऱ्याला भाषणाला बोलावले होते. त्याने भाषणात खरा इतिहास लिहिला, म्हणून ते भाषण होऊ दिले नाही. तेव्हापासून दर वर्षी त्याच गुरुवारी प्लिमथला, मॅसासॉइटच्या पुतळ्यापाशी, मूळ रहिवासी जमतात आणि शोकदिन पाळतात. त्यांतले पुष्कळजण त्या दिवशी उपवास करतात.

सासूबाई शेंगा सोलत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “म्हणजे तिथेही त्या दिवशी उपास करणारी माणसं आहेतच की! मग आपला काय वेगळा?”

त्यांच्या या एका वाक्याने आमचा बेत ठरला. जेवण करायचे, पण एकादशीचे.

आणि मग मी वही घेऊन बसले. लेक्चररचा हात, याद्या केल्यावाचून राहवत नाही. एकादशीच्या ताटात काय काय असते? बटाटा. तो दक्षिण अमेरिकेतला, आणि नावसुद्धा आपण पोर्तुगिजांकडून उचललेले. रताळे अमेरिकेतले. शेंगदाणा अमेरिकेतला. हिरवी मिरची, जिच्यावाचून आपले पान हलत नाही, तीही तिथलीच. लाल भोपळा तिथला. राजगिरादेखील तिथला. साबुदाणा हे नाव मलायाकडचे आणि मूळचा साबुदाणा ताडासारख्या झाडाचा, पण आज आपण जो खातो तो तामिळनाडूतल्या सेलमच्या आसपास कसाव्याच्या कंदापासून होतो, आणि कसावा ब्राझीलकडचा. यादी संपली तेव्हा ताटात आपले म्हणावे असे वरीचे तांदूळ, जिरे, दही-तूप, खोबरे आणि काकडी एवढेच उरले.

ज्ञानेश्वरी लिहिली गेली १२९० साली. कोलंबस अमेरिकेला पोचला १४९२ साली. तेव्हा ज्ञानदेव, नामदेव, जनाबाई यांच्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी नव्हती, बटाट्याची भाजी नव्हती, दाण्याची आमटी नव्हती. मला वाटते, घडले ते असे असावे: शास्त्राने एकादशीला धान्य वर्ज्य केले. हे परदेशी कंद आणि दाणे आले तेव्हा शास्त्रात त्यांचे नावच नव्हते, त्यामुळे त्यांना कोणी अडवले नाही. घरचा गहू-तांदूळ दाराबाहेर बसला आणि परका बटाटा देवघरापर्यंत गेला! मक्याचे मात्र नशीब खोटे. १६२१ च्या त्या मेजवानीत नक्की होता असा जर कोणता पदार्थ असेल तर तो मका. पण तो पडला धान्य, म्हणून आमच्या बेतातून तोच नेमका वगळावा लागला.

हे सारे सासूबाईंना सांगताना मी जरा भीतच होते. साठ वर्षांची एकादशी अशी अमेरिकेच्या पदरात टाकायची म्हणजे काय! त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, “बरं झालं. म्हणजे पोरीला घरचंच जेवण मिळणार.”

राहता राहिली टर्की. जगात या पक्ष्याइतकी नावाची हेळसांड दुसऱ्या कुणाची झाली नसेल. मूळचा हा अमेरिकेतला, पण इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचा ठरवले. तुर्कांनी त्याला हिंदुस्थानचा ठरवून ‘हिंदी’ म्हटले. फ्रेंचांनीही नाव दिले ते ‘हिंदुस्थानचा’ अशाच अर्थाचे. डचांनी थेट आपल्या कालिकतचे नाव चिकटवले. पोर्तुगिजांचा नेम त्यातल्या त्यात जवळ पडला, त्यांनी त्याला ‘पेरू’ म्हटले. आणि गंमत अशी की हा पक्षी हिंदुस्थानात आला तो खरोखरच पोर्तुगिजांच्या हातून, आपल्या गोव्याच्या वाटेने. १६१२ साली जहांगीर बादशहाच्या मुकर्रबखान नावाच्या सरदाराने गोव्याहून अपूर्वाईच्या वस्तू आणल्या, त्यांत ही टर्की होती. बादशहाने आपल्या आत्मवृत्तात तिचे वर्णन केले आहे. नाचताना तिच्या डोक्यामानेचे रंग सरड्यासारखे कसे बदलतात, हे पाहून त्याला नवल वाटले. मग त्याने चितारी बोलावून तिचे चित्र काढवले. मन्सूरच्या हातचे म्हणून ओळखले जाणारे टर्कीचे ते चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. प्लिमथच्या मेजवानीच्या नऊ वर्षे आधी टर्की आग्र्याच्या दरबारी रुजू झाली होती! पण दरबारात आली म्हणून काही आमच्या ओट्यावर येऊ शकत नव्हती. तेव्हा पेरूच पाहिजे तर पेरू, असे म्हणून मी बेतात पेरूची कोशिंबीर घातली. ताटाच्या मधोमध मोठी टर्की मांडण्याचा त्यांच्याकडे रिवाज. तिथली मुले कागदावर आपला पंजा ठेवून भोवती रेघ ओढतात आणि अंगठ्याला चोच काढून त्याची टर्की करतात. आमच्या धाकटीने आणि पाहुणीने जमिनीवर तसाच पंजा गिरवून रांगोळीची टर्की काढली. तिचा पिसारा मात्र मोराचा झाला.

बेत असा ठरला. कुस्करलेल्या बटाट्याच्या जागी जिऱ्या-मिरचीची बटाट्याची भाजी. त्यांच्याकडे रताळी साखरेत घोळवून भाजतात, आपल्याकडे तुपावर परतून गुळाच्या पाकात टाकतात, दोन्ही एकच. टर्कीच्या पोटात जे सारण भरतात त्याच्या जागी खिचडी. वरीचा भात आणि दाण्याची आमटी. भोपळ्याच्या ‘पाय’ऐवजी भोपळ्याचे घारगे, राजगिऱ्याच्या पिठातले. क्रॅनबेरीच्या आंबटगोड मुरंब्याची जागा कशाने भरावी याचा घोळ झाला. नवा आवळा तुळशीचे लग्न लागल्याशिवाय आमच्या घरी खात नाहीत, आणि लग्न तर दुसऱ्या दिवशी. शेवटी सासूबाईंनी बरणीच्या तळाचा गेल्या सालचा मोरावळा काढला. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण ज्या कोणी केली, त्याला आमच्या त्या दिवशीच्या ताटाचे आधीच दर्शन झाले असावे.

संध्याकाळी पाने मांडली. सगळे बसले. सासूबाई नेहमीप्रमाणे ओट्यापाशी. “तुम्ही बसा, मी वाढते,” म्हणाल्या.

पाहुणीने हात मांडीवर ठेवले. “आजी बसल्याशिवाय सुरू करत नाहीत,” ती म्हणाली. “आमच्याकडे तसा नियम आहे.”

“अगं, घारगे गरम द्यायचेत.”

“चालेल. थंड खाऊ.”

दोन मिनिटे अशी गेली. घारगे निवत चालले. वाढण्याची पद्धत आपल्याकडे अशी आहे की वाढणारी शेवटी जेवते, आणि तिच्या पानात काय उरले होते ते कोणाला ठाऊक नसते. ‘घरच्यांत कसले आलेत आभार’ हे वाक्य मी आजवर पुष्कळांच्या तोंडून ऐकले आहे, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी ते जेवायला बसलेल्याच्या तोंडून ऐकले आहे. वाढणारीच्या तोंडून क्वचितच. आपल्या भाषेत आभाराहून एक चांगला शब्द आहे, ‘कृतज्ञ’. कृत म्हणजे केलेले, ते जाणणारा तो कृतज्ञ. त्यात ओझे नाही, वही नाही, बोलून दाखवण्याची सक्तीही नाही. पण जाणले तर पाहिजे.

अखेर सासूबाई हात पुसून आल्या आणि पहिल्या पंगतीत बसल्या. माझ्या लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा पाहिले.

मग फेरी सुरू झाली. पाहुणी म्हणाली, या गल्लीतल्या सगळ्या लोकांनी मला चुकीचे मराठी बोलू दिले, हसले नाहीत, त्यांची मी आभारी आहे. (हसत होते, तिच्या पाठीमागे.) आमच्या थोरल्याने इंटरनेट वेळेवर चालल्याबद्दल कृतज्ञता व्यक्त केली. धाकटीने जिन्यातल्या मांजरीचे नाव घेतले. आमच्या ह्यांनी घसा साफ केला आणि “सर्वप्रथम मी...” अशी सुरुवात केली, तेव्हा सगळेच हसले आणि पुढचे आभारप्रदर्शन तहकूब झाले. माझे मी दोन वाक्यांत उरकले. सासूबाईंची पाळी आली. त्या काही बोलणार नाहीत, ‘पांडुरंगाची कृपा’ म्हणून आटोपतील, असे मला वाटले होते.

त्या म्हणाल्या, “माझं लग्न झालं तेव्हा, एकाहत्तर साली, साताऱ्याच्या घरात चौदा माणसं होती. मी शहरातली, मला भाकरी येत नव्हती. मामंजींना दोन्ही वेळा भाकरी लागायची. थोरल्या जाऊबाई पहाटे चारला उठायच्या, भाकऱ्या थापून ठेवायच्या आणि सगळ्यांना सांगायच्या, धाकटीनं केल्यात. दोन महिने. तेवढ्यात मला शिकवलं. सासूबाईंनी माझ्या हाताचं कौतुक केलं, त्यांच्या देखत. त्या खाली मान घालून जेवत होत्या. मी कधी काही बोलले नाही त्यांना.”

“का?” पाहुणीने विचारले. दुसरे कोणी विचारले नसते.

“घरात कोणी बोलायचंच नाही तसं. मग वाटण्या झाल्या. मग राहूनच गेलं.”

इथे थोडा खुलासा करायला हवा. या थोरल्या काकूंचे नाव आमच्या घरात निघे ते एका तांब्याच्या बंबापायी. १९८८ साली वाटणी झाली तेव्हा तो बंब त्यांनी दिला नाही, भांडी मोजून घेतली, परसातल्या आंब्याबद्दल वाद घातला, ही कथा मी लग्न होऊन आले त्या वर्षीच ऐकली. माझ्या मुलांनाही ती पाठ आहे. काकू जाऊन पंधरा वर्षे होत आली, तरी त्यांच्या मुलाशी आमचे येणे-जाणे सुतकापुरते. बंबाची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती. भाकरीची एकालाही नव्हती.

ह्यांचा हात पानातच राहिला होता. “आई, हे तू कधी बोलली नाहीस.”

“तू कधी विचारलंस?” सासूबाई म्हणाल्या. “जेवा आता. रताळी गार झाली.”

जेवण छान झाले. घारगे गारच बरे लागतात असे पाहुणीचे मत पडले. खिचडीवर थोरल्याने टोमॅटोचा सॉस मागितला. टोमॅटोही अमेरिकेतला, पण तो काही आमच्याकडे उपासाला चालत नाही, असे आजीने बजावले. इतिहास शिकवला म्हणून नियम थोडेच बदलतात!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुळशीचे लग्न लागले, मंगलाष्टके झाली, ऊस-चिंचा वाटून झाल्या, आणि सासूबाईंनी थोरल्याला सांगितले, “साताऱ्याला फोन लाव.” आतल्या खोलीत जाऊन दहा मिनिटे बोलल्या. दाराशी घोटाळत राहिलेल्या आम्हा सर्वांना जेवढे ऐकू आले, त्यात गुडघेदुखी होती, आंबा यंदा मोहरला का याची चौकशी होती, आणि एका वैद्याचा पत्ता होता. मध्येच एकदा बराच वेळ शांतता होती. भाकऱ्यांचे सांगितले का, हे त्यांनी आम्हाला सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. बंबाचा विषय निघाला नाही, हे मात्र मला पक्के ठाऊक आहे, कारण तो निघाला असता तर आवाज ओटीपर्यंत आला असता.

पाहुणी फेब्रुवारीत परत गेली. पुढच्या वर्षी, २०२४ च्या त्या गुरुवारी, तिने तिकडे आपल्या आजीच्या घरी साबुदाण्याची खिचडी केली. तिकडच्या दुकानात मिळाले ते मोठे दाणे, भिजवण्याचे प्रमाण चुकले, आणि सगळ्याचा मिळून एकच लगदा झाला. तो तिने टर्कीशेजारी वाढला आणि फोटो पाठवला. तिच्या आजीने विचारले म्हणे, की हा पदार्थ कोणत्या सणाचा? ‘उपवासाचा’ असे सांगितल्यावर टेबलाभोवतीचे सगळे तिच्याकडे आणि भरल्या ताटांकडे आळीपाळीने पाहू लागले. राजगिरा मात्र तिथे मिळतो, पण एवढा महाग की सासूबाईंनी किंमत ऐकून, “त्यांच्याच मुलखातला ना?” असे दोनदा विचारून घेतले.

२०२५ चा चौथा गुरुवार येतो २७ नोव्हेंबरला, आणि तो आहे मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. म्हणजे महालक्ष्मीचे व्रत. सासूबाईंनी ते दिवाळीचे सामान भरायच्या आधीच कालनिर्णयात पाहून ठेवले. “हा उपास संध्याकाळी नैवेद्य दाखवून सोडायचा असतो,” त्या म्हणाल्या, “तेव्हा या खेपेला पुरणपोळी चालेल.” साताऱ्याचे चुलत दीर आणि जाऊबाई येतो म्हणाले आहेत. दिरांना रताळे चालत नाही, वात होतो. आणि भाकरी मात्र त्यांना दोन्ही वेळा लागते, म्हणून सासूबाईंनी मला आत्तापासूनच नवी ज्वारी निवडून ठेवायला सांगितली आहे.